टेक्सासच्या तलावावर रात्री क्रॉपी गरवायला जायचंय? पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी सगळं सविस्तर

डॅलसच्या आसपास नव्याने राहायला आलेल्या आपल्या मंडळींकडून मला दर उन्हाळ्यात हाच प्रश्न येतो, की इथे एवढे तलाव आहेत, दिवसा ऊन असं की बाहेर पाय ठेववत नाही, मग रात्री मासे पकडायला जाता येतं का आणि गेलं तर नेमकं करायचं काय. येतं. जून ते सप्टेंबर तर रात्रीच जावं. मी मूळची देवगडकडची, बाबांबरोबर खाडीवर गरवायला जायची सवय लहानपणापासून (घाटावरच्यांसाठी सांगते, गरवणं म्हणजे गळ टाकून मासे पकडणं, आणि गळाला आम्ही गरी म्हणतो), तरी इथे आल्यावर पहिले चार-पाच वेळा मी रिकाम्या हाताने परत आले, कारण इथला मासा वेगळा, पाणी वेगळं आणि नियम तर पूर्णच वेगळे. ज्या गोष्टी मला कोणी आधी सांगितल्या असत्या तर बरं झालं असतं त्या सगळ्या खाली लिहितेय. लेख मोठा आहे, पण जायच्या आधी निदान २, ३ आणि ८ नंबर नक्की वाचा.

१. आधी मासा कुठला ते बघा

क्रॉपी हा इथल्या तलावांतला गोड्या पाण्याचा मासा. इंग्रजी स्पेलिंग (crappie) बघून आपण 'क्रॅपी' वाचतो, पण इथे सगळे 'क्रॉपी' म्हणतात. बेट शॉपमध्ये (गळाला लावायचं आमिष विकणाऱ्या दुकानात) क्रॉपीच म्हणा. काही म्हातारी माणसं याला व्हाइट पर्च म्हणतात आणि शेजारच्या लुइझियानात साकाले म्हणतात, मासा तोच.

दोन जाती आहेत, व्हाइट आणि ब्लॅक. नावावरून रंग शोधत बसू नका, दोन्ही चंदेरीच दिसतात. व्हाइटच्या अंगावर ठिपक्यांचे उभे पट्टे असतात, ब्लॅकच्या अंगावर ठिपके कसेही विखुरलेले. नक्की ओळखायचं तर पाठीच्या पराचे काटे मोजा, व्हाइटला ५-६ असतात, ब्लॅकला ७-८. लायसन्सच्या नियमासाठी दोन्ही एकत्रच मोजतात त्यामुळे ओळख चुकली तरी बिघडत नाही. इथे रोज मिळणारा मासा १० ते १२ इंचाचा, म्हणजे हाताच्या पंज्यापेक्षा बराच मोठा. मोठा होतो किती विचाराल तर व्हाइट क्रॉपीचा जागतिक विक्रम ५ पौंड ३ औंसाचा आहे, १९५७ साली मिसिसिपीतल्या एनिड इथे पकडलेला, तो अजून कोणी मोडलेला नाही. यावरून अंदाज घ्या की हा थाळीत मावणारा मासा आहे.

लक्षात ठेवायच्या दोन गोष्टी, याचं तोंड कागदासारखं पातळ असतं आणि डोळे मोठे, वरच्या बाजूला. पुढचं जवळजवळ सगळं या दोन गोष्टींवर चालतं.

२. लायसन्स आणि कागदपत्रं

हे आधी करा. रात्री तलावावर गेम वॉर्डन (शिकार-मासेमारीचे नियम बघणारे अधिकारी) येतात, बॅटरी मारून नमस्कार-चमत्कार करतात आणि लायसन्स विचारतात. अगदी सभ्य असतात, पण लायसन्स नसेल तर दंड होतो.

टेक्सास पार्क्स अँड वाइल्डलाइफच्या वेबसाइटवर, किंवा वॉलमार्ट, अकॅडमी अशा दुकानांच्या काउंटरवर लायसन्स मिळतं. लागतं ते असं:

- ड्रायव्हिंग लायसन्स किंवा स्टेट आयडी
- सोशल सिक्युरिटी नंबर
- जन्मतारीख, उंची, वजन, डोळ्यांचा रंग (हो, हे सगळं विचारतात)
- टेक्सासमध्ये सलग ६ महिने पूर्ण झाले असतील तर रेसिडेंट रेट, नसतील तर नॉन-रेसिडेंट

गोड्या पाण्याचं रेसिडेंट पॅकेज मी घेतलं तेव्हा ३० डॉलरला होतं. इथे नवीन माणूस हमखास फसतो तो तारखेवर. साधं लायसन्स कधीही घेतलं तरी ३१ ऑगस्टला संपतं, नवीन वर्षाची विक्री १५ ऑगस्टपासून सुरू होते. म्हणजे जुलैमध्ये उत्साहाने घेतलंत तर दीड महिना वापरायला मिळतो. त्या वेळी 'इयर फ्रॉम पर्चेस' नावाचं पॅकेज घ्या, थोडं महाग आहे पण घेतल्यापासून चालतं.

१७ वर्षांखालच्या मुलांना लायसन्स लागत नाही. भारतातून आलेल्या आईबाबांना, सासूसासऱ्यांना मात्र लागतं, "ते नुसती काठी धरून बसलेत" हे चालत नाही, काठी धरली म्हणजे मासेमारी झाली. त्यांच्यासाठी एक दिवसाचं नॉन-रेसिडेंट लायसन्स मिळतं. त्याहून सोपं म्हणजे त्यांना स्टेट पार्कमध्ये न्या, टेक्सासच्या स्टेट पार्कच्या हद्दीत काठावरून किंवा पिअरवरून (पाण्यात पुढे गेलेल्या धक्क्यावरून) गळ टाकायला लायसन्स लागतच नाही, पार्कची एंट्री फी तेवढी भरायची. मी माझ्या बाबांना असंच नेलं होतं. शिवाय जूनच्या पहिल्या शनिवारी पूर्ण राज्यात फ्री फिशिंग डे असतो.

मर्यादा: दिवसाला माणशी २५ क्रॉपी, दोन्ही जाती मिळून, आणि प्रत्येक किमान १० इंच. काही तलावांचे नियम वेगळे आहेत. लेक फोर्कवर १ डिसेंबर ते फेब्रुवारी अखेर लांबीची अट नसते, पण मग पकडलेला प्रत्येक क्रॉपी ठेवावाच लागतो, लहान म्हणून परत सोडायचा नाही, कारण थंडीत तो फार खोलातून वर येतो आणि सोडला तरी जगत नाही. लेक टेक्सोमा ओक्लाहोमाच्या हद्दीवर आहे, तिथले आकडे निराळे आहेत. नवीन तलावावर जाताना त्या तलावाचं पान उघडून बघा, दोन मिनिटांचं काम आहे.

३. जागा: रात्री उघडी आहे का ते आधी

माझी पहिली रात्र इथेच वाया गेली. दिवसा बघून ठेवलेली सुंदर जागा होती, सावली, बाकडं, सगळं. रात्री साडेनऊला सामान मांडलं, दिवा पाण्यात सोडला, आणि दहाला गाडी आली, पार्क बंद. एक गळसुद्धा नीट टाकून झाला नव्हता. गेटवरच्या पाटीवर वेळ लिहिली होती, मी वाचली नव्हती.

तर, बहुतेक सिटी पार्क रात्री बंद होतात, स्टेट पार्कमध्ये डे-यूजवाल्यांना रात्री १० नंतर थांबता येत नाही. यावर उपाय तीन:

स्टेट पार्कमध्ये कॅम्पिंग साइट बुक करा. रात्रभर राहायची परवानगी मिळते, पोरं तंबूत झोपतात, आपण पाण्यावर. डॅलसच्या उत्तरेला लेक रे रॉबर्ट्सवर आयल डु बोईस युनिट आहे, तिथे फिशिंग पिअर आहे, पहिल्या वेळेला मी तिथेच जा म्हणेन. शनिवारच्या साइट फार आधी भरतात, गुरुवारच्या सहज मिळतात.

दुसरा उपाय, मरीनातला फिशिंग बार्ज. म्हणजे पाण्यावर तरंगता मोठा प्लॅटफॉर्म, मधे चौकोनी उघडी जागा, चारी बाजूंनी कठडा, माणशी फी देऊन बसायचं. सगळीकडे नसतात, असतील तिथे रात्री किती वाजेपर्यंत चालू ते फोन करून विचारा. घरात म्हातारं माणूस किंवा लहान मूल असेल तर यासारखी सोय नाही, आणि बहुतेक ठिकाणी प्लॅटफॉर्मखाली झाडाच्या फांद्या बुडवून ठेवलेल्या असतात त्यामुळे मासा तिथे असतोच.

तिसरा, ओळखीच्या कोणाची बोट. नवीन माणसाने एकट्याने रात्री बोट भाड्याने घेऊन जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

काय करू नये तेही सांगते. लोकांच्या खाजगी डॉकवर चढू नका, दिवा लागलेला दिसला तरी. रस्त्याच्या पुलावर गाडी लावून उभं राहू नका. पुलाचे खांब क्रॉपीला फार आवडतात हे खरं आहे, पण तिथे बोटीने खालून जायचं असतं.

जागा निवडताना पाण्याखाली काय आहे ते महत्त्वाचं. हा मासा मोकळ्या सपाट तळावर राहत नाही, त्याला आडोसा लागतो, बुडालेली झाडं, फांद्यांचा ढीग, पुलाचे खांब, डॉकचे खांब. लेक फोर्कवर पाणी भरताना झाडं मुद्दाम तशीच उभी ठेवली होती, म्हणून तो तलाव क्रॉपीसाठी प्रसिद्ध आहे. इथले हे सगळे तलाव धरणांचे आहेत, आपल्या कोयना-पानशेतसारखे, खाली जुनी नदी, ओढे, रस्ते बुडालेले आहेत. जुन्या ओढ्याचं पात्र जिथे काठाजवळ येतं तिथे खोली मिळते. काठावरून गरवणार असाल तर निदान १२-१५ फूट पाणी हवं.

४. कधी जायचं

वसंतात, म्हणजे मार्च-एप्रिलमध्ये पाणी साधारण ६० ते ६८ फॅरेनहाइटला पोचलं की क्रॉपी अंडी घालायला उथळ पाण्यात येतो, तेव्हा दिवसाच भरपूर मिळतो, रात्र जागायची गरज नाही. मेपासून तो खोलात सरकतो आणि तिथून रात्रीचा सीझन सुरू होतो.

चंद्र बघा. आपला दिवा जितका एकटा तितका चांगला, म्हणून अमावस्येच्या अलीकडचे-पलीकडचे चार-पाच दिवस सगळ्यात बरे. पौर्णिमेला मासा मिळत नाही असं नाही पण उजेड सगळीकडे असतो त्यामुळे चारा एका जागी गोळा होत नाही. मी कालनिर्णय बघून सुट्टी टाकते, इथे स्वयंपाकघरात लावलेलंच आहे.

वारा १० मैलांच्या वर असेल तर नको. आणि वादळाचा अंदाज असेल तर अजिबात नको, त्यावर खाली लिहिलंय.

५. सामान

फार लागत नाही.

- ६ ते ७ फुटांचा अल्ट्रालाइट किंवा लाइट रॉड, छोटा स्पिनिंग रील. दोन घ्या. स्टेट पार्कमध्ये माणशी दोनच चालतात
- ४ ते ६ पौंडाची साधी मोनो लाइन
- अ‍ॅबरडीन हुक, ४ नंबर, पातळ तारेचे. हे मुद्दाम पातळ असतात, फांदीत अडकले की हळूहळू ओढल्यावर वाकून सुटतात, लाइन तुटत नाही
- स्लिप बॉबर (लाइनवर सरकणारा, पाण्यावर तरंगणारा तुकडा), बॉबर-स्टॉप (त्याला अडवणारी गाठ), मणी, छोटी शिसं
- १/१६ आणि १/३२ औंसाचे जिग (शिशाचं डोकं असलेली छोटी नकली आमिषं), पोपटी-पिवळे आणि पांढरे
- पाण्यात सोडायचा हिरवा एलईडी दिवा आणि १२ व्होल्टची बॅटरी
- मिनो (आमिषाचे जिवंत छोटे मासे) ठेवायची बकेट आणि पाण्यात हवा सोडणारा बॅटरीवरचा एअरेटर
- लांब दांड्याची जाळी (हिच्याशिवाय जाऊ नका, कारण पातळ तोंड)
- मापपट्टी, चिमटा, कूलर, दोन पिशव्या बर्फ
- डोक्याला लावायची टॉर्च, लाल उजेडवाली असेल तर उत्तम
- लाइफ जॅकेट, मच्छरांचं औषध, बंद बूट

दुकानात तुम्हाला बास माशाचा मोठा रॉड आणि चमचमीत आमिषांचा डबा विकायला बघतील. तो मासा वेगळा, त्याचं गणित वेगळं. क्रॉपीचा झटका एवढा हलका असतो की जाड रॉडवर कळतच नाही.

६. दिवा कसा काम करतो

दिव्याकडे क्रॉपी स्वतः येत नाही, चारा येतो आणि चाऱ्यामागे तो येतो. पाण्यातले डोळ्यांना न दिसणारे बारीक जीव रात्री वरच्या थरात चढतात आणि उजेडाभोवती जमतात, वरून किडे पडतात, ते खायला छोटे मिनो आणि शॅड (छोटे चंदेरी मासे) येतात, आणि त्या गोल फिरणाऱ्या शॅडच्या खाली, उजेड जिथे संपून अंधार लागतो त्या कडेला क्रॉपी थांबतो. हे सगळं घडायला वेळ लागतो. दिवा लावल्यावर पहिली २० मिनिटं काहीच दिसणार नाही, मग धुळीसारखं काहीतरी, मग एक-दोन चंदेरी रेघा, आणि पाऊण-एक तासाने शॅडचं कडं फिरायला लागतं. पहिल्यांदा बघाल तेव्हा गरवायचं विसरून बघत बसाल, बसा. नवीन लोक अर्ध्या तासात कंटाळून जागा बदलतात आणि पुन्हा शून्यापासून सुरू करतात. जागा बदलू नका, निदान दीड तास द्या.

बॅटरीचं गणित सोपं आहे. १२ वॅटचा दिवा १२ व्होल्टवर साधारण १ अ‍ॅम्पिअर ओढतो, म्हणजे ७ अ‍ॅम्पिअर-अवरची छोटी बॅटरी ५-६ तास पुरते. मोठा ५० वॅटचा घेतलात तर ४ अ‍ॅम्पिअरच्या वर जातो, त्याला ३५ अ‍ॅम्पिअर-अवरची जड बॅटरी लागेल, काठावरून चालत न्यायची असेल तर विचार करा. सुरुवातीला छोटा पुरतो. दिवा पाण्यात बुडाल्यावरच चालू करा, बाहेर हवेत तो तापतो. फ्यूज असलेली वायर घ्या. दिव्याला शिसं बांधून ५-६ फूट खोल सोडा, आणि आपल्या गळाच्या थेट मधे नको, दोन-तीन हात बाजूला, नाहीतर मासा लागल्यावर सगळा गुंता त्या वायरीत.

आपल्याकडचे कोणी म्हणतील, एलईडी मासेमारीवर तर बंदी आहे. बरोबर, केंद्र सरकारने नोव्हेंबर २०१७ मध्ये समुद्रातल्या एलईडी मासेमारीवर बंदी आणली आणि ती हवीच होती, मोठ्या जाळ्यांनी दिव्याखालचं सगळं, पिल्लांसकट उपसून नेतात, आमच्या किनाऱ्यावरच्या पारंपरिक मच्छीमारांचं त्यात फार नुकसान झालंय. इथे आपण एका गळाने एक मासा काढतो, मोजतो, लहान असेल तर सोडतो, आणि टेक्सासमध्ये दिवा लावून असं गरवणं कायदेशीर आहे. तरी तो फरक मनात ठेवा, दिव्याखाली मासा भराभर मिळायला लागला की आकडा विसरायला होतो.

७. मिनो जगवणं

मिनो म्हणजे जिवंत छोटे मासे, बेट शॉपमध्ये डझनावर मिळतात. दोघांना रात्रभर ४ डझन पुरतात. बेट शॉप लवकर बंद होतात, संध्याकाळी सहाच्या आत घ्या आणि पावती ठेवा, वाटेत कोणी विचारलं तर हे पाणी तलावातलं नाही दुकानातलं आहे हे पावतीवरून दाखवता येतं.

नळाचं पाणी घालू नका, क्लोरीनने मिनो मरतात. बर्फाचे खडेही थेट टाकू नका, तोही नळाच्या पाण्याचाच असतो, त्याऐवजी घरून पाण्याची बाटली गोठवून न्या आणि ती बंद बाटली बकेटमध्ये सोडा. उन्हाळ्यात गाडीच्या डिकीत ठेवू नका, आत एसीमध्ये पायाशी ठेवा. मेलेल्या मिनोला क्रॉपी सहसा विचारत नाही.

८. खोली शोधणं, सगळं इथेच आहे

आधी गळ बांधून घेऊ. लाइनवर क्रम असा: सगळ्यात आधी बॉबर-स्टॉप, मग मणी, मग बॉबर, मग हुकच्या वर एक-दीड फुटावर शिसं, मग हुक. क्रम चुकला की बॉबर स्टॉपवरून निघून जातो. स्टॉप लाइनवर वर-खाली सरकवता येतो, तो जिथे असेल तेवढ्या खोलीवर आमिष थांबतं, म्हणून १५ फूट खोल गरवतानाही लाइन गुंडाळून घेता येते. मिनोला खालच्या-वरच्या ओठांतून किंवा पाठीच्या पराखालून हलकेच टोचा, कण्यात टोचलंत तर मरतो.

आता खोली. मी खाडीतली सवय घेऊन आले होते, तळाला गरी टेकवायची आणि थोडी उचलायची. त्या पद्धतीने मला इथे कॅटफिश मिळाले, क्रॉपी एकही नाही. बाबा आले तेव्हा शेजारच्या एका आजोबांनी पकडलेला क्रॉपी त्यांनी हातात घेऊन उलटसुलट बघितला आणि मला म्हणाले, "गो बाय, ह्येचा तोंड वर, डोळे वर, आणि तू गरी तळाक कित्याक सोडतंस?" एवढंच. हा मासा वर बघून खातो. आमिष त्याच्या एक-दोन फूट वर असेल तर तो चढून येतो, त्याच्या खाली गेलं तर त्याला ते दिसतच नाही. म्हणजे चूक करायचीच तर वरच्या बाजूने करा.

शिवाय उन्हाळ्यात या तलावांचं पाणी थरांत विभागतं. वर गरम पाणी, खाली थंड, आणि मधल्या सीमेच्या खाली ऑक्सिजन फारच कमी. ही सीमा साधारण १५ ते २५ फुटांच्या दरम्यान असते, तलाव आणि महिन्याप्रमाणे बदलते. तिच्या खाली मासा राहूच शकत नाही, तिथे गळ सोडणं म्हणजे रिकाम्या खोलीत हाक मारणं.

म्हणून करायचं असं. एक गळ ८ फुटांवर लावा, दुसरा १४ वर. १५ मिनिटं काही नाही झालं तर दोन्ही दोन-दोन फूट वर घ्या. पुन्हा १५ मिनिटं. असं वर येत जा. मग खाली. ज्या खोलीवर पहिला मासा लागला तिथे लगेच दुसरा गळही आणा, क्रॉपी घोळक्याने असतो, एक ज्या पातळीवर तिथे बाकीचेही. मी लाइनवर पर्मनंट मार्करने खूण करते म्हणजे मासा काढल्यावर पुन्हा नेमक्या तेवढ्याच खोलीवर जाता येतं. रात्र चढते तसा मासाही वर येतो, दहाला १४ फुटांवर असलेला एकला ७-८ फुटांवर मिळतो, म्हणजे झटके बंद झाले की मासा गेला असं समजू नका, आधी वर शोधा.

झटका ओळखायचा कसा. बॉबर नेहमी बुडतोच असं नाही. मासा आमिष घेऊन वर चढला तर शिशाचं वजन हलकं होतं आणि उभा असलेला बॉबर अलगद आडवा पडतो. नवीन माणूस बुडायची वाट बघत राहतो आणि मासा मिनो काढून घेऊन जातो. आडवा पडला, किंवा बाजूला सरकायला लागला, की रॉड उचला. झटका देऊ नका, नुसता उचला, टोपलीतून अंडं काढताना जसा हात असतो तसा. जोरात मारलंत तर तोंड फाटतं. मग एकसारखं, न थांबता गुंडाळा, लाइन सैल सोडू नका, आणि पाण्याच्या वर उचलायच्या आधी खाली जाळी घाला. सगळ्यात जास्त मासे शेवटच्या दोन फुटांत सुटतात.

मिनो संपले किंवा झटके जोरात चालू झाले तर जिग लावा, त्याच खोलीवर धरून फक्त मनगटाने थरथरवा.

९. मोजणं आणि ठेवणं

तोंड मिटून, शेपटी चिमटीत एकत्र करून पट्टीवर आडवा ठेवायचा. साडेनऊ म्हणजे साडेनऊ, परत सोडा. सोडायचा असेल तर हात ओले करून धरा, कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो.

ठेवायचे ते लगेच बर्फात, बर्फात थोडं पाणी घालून. बरेच लोक दोरीला ओवून पाण्यात सोडतात, उन्हाळ्यात ते पाणी कोमट असतं, मासा मऊ पडतो आणि कासवं येऊन खातात. तलावावर, बोटीत मासा कापून तुकडे करू नका. ज्या माशाला लांबीची अट आहे त्याचं डोकं आणि शेपटी किनाऱ्यावर येईपर्यंत तशीच ठेवावी लागते, नाहीतर मोजणार कसं. किनाऱ्यावर बऱ्याच ठिकाणी साफ करायचं टेबल आणि पाणी असतं.

१०. जिवाची काळजी

पाण्यावर असाल तर लाइफ जॅकेट अंगात, सीटखाली नाही. २६ फुटांपेक्षा लहान चालत्या बोटीत १३ वर्षांखालच्या मुलांना कायद्यानेच घालावं लागतं, पण रात्री मोठ्यांनीही घालावं, पिअरवर मुलांनाही घालावं. बोट नांगरून उभी असेल तरी चारी बाजूंनी दिसणारा पांढरा दिवा वर लागलेला हवा, पाण्यातला हिरवा दिवा त्यात धरत नाहीत. १ सप्टेंबर १९९३ किंवा नंतर जन्मलेल्यांना १५ हॉर्सपॉवरच्या वरची बोट चालवायला बोटिंगचा कोर्स करावा लागतो.

आकाशात लांब कुठे वीज चमकली तरी आवरा. इथली वादळं आपल्या वळवासारखी अचानक उठतात, आणि हातातला रॉड ग्रॅफाइटचा असतो.

काठावर चालताना प्रत्येक पाऊल टॉर्चमध्ये बघून टाका. कॉटनमाउथ नावाचा विषारी पाणसाप इथे आहे, दगडांच्या फटीत आणि काठच्या गवतात असतो. कोणाला चावला तर चिरा वगैरे काही देत बसू नका, ९११. त्याहून रोजचा त्रास लाल मुंग्यांचा, फायर अँट, अंधारात वारुळावर खुर्ची मांडली जाते. बसायच्या आधी जमीन बघा, चपला घालून येऊ नका.

घरी कोणाला तरी जागेचं नाव आणि परत यायची वेळ सांगून ठेवा. बऱ्याच तलावांवर फोनला रेंज नसते.

११. घरी आणल्यावर

खवले काढून, पोट साफ करून, दोन्ही बाजूंनी तिरक्या चिरा द्या. मांस पांढरं, गोडसर, वास जवळजवळ नाही, ज्यांना नदीचा मासा नको वाटतो त्यांनाही चालतो. मीठ-हळद, कोकमाचं आगळ आणि मालवणी मसाला लावून अर्धा तास ठेवा, रवा आणि तांदळाचं पीठ निम्मं-निम्मं लावून तव्यावर तळा. फिले काढणार असाल तर बरगड्यांचे काटे सोडून काढा, मुलांना द्यायला बरे. रस्सा करायला मात्र हा मासा फार नाजूक आहे, उकळी आल्यावर सोडा आणि चार-पाच मिनिटांत गॅस बंद, तिरफळ असेल तर चार दाणे टाका. फ्रीजरमध्ये ठेवायचे असतील तर पिशवीत पाणी भरून, मासा पूर्ण बुडवून गोठवा. राज्याचं आरोग्य खातं काही तलावांतल्या माशांबद्दल खाण्याच्या सूचना काढतं, आपला तलाव त्यात नाही ना ते एकदा बघून घ्या.

१२. निघताना

उरलेले मिनो तलावात ओतू नका. बकेट, बोट, जे काही भिजलंय त्यातलं सगळं पाणी तिथेच जमिनीवर रिकामं करा, हा कायदा आहे. झेब्रा मसल नावाची नखाएवढी शिंपली २००९ मध्ये लेक टेक्सोमात सापडली आणि तिथून बोटींच्या पाण्यातून एकेक करत बाकीच्या तलावांत पसरली, तिची पिल्लं डोळ्यांना दिसत नाहीत, पाइप बुजवते, पाण्यातला बारीक चारा खाऊन टाकते, म्हणजे शेवटी शॅडचं आणि क्रॉपीचंच जेवण जातं.

तुटलेली लाइन खिशात घाला, पक्ष्यांच्या पायात अडकते. आणि दिवा सगळ्यात शेवटी काढा, बाकीचं सामान त्याच्याच उजेडात आवरून होतं. मग बॅटरीची वायर सोडवायची, दिवा वर ओढून कोरड्या फडक्याने पुसायचा, वायर मोठ्या वेटोळ्यात गुंडाळायची आणि घरी पोचल्यावर, कितीही वाजलेले असोत, झोपायच्या आधी बॅटरी चार्जिंगला लावायची. लेड अ‍ॅसिडची बॅटरी उतरलेली तशीच आठवडाभर पडली की पुढच्या खेपेला मध्यरात्रीच दगा देते.